जमीन भेगाळली, सेन्सर फसला : नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या सप्टेंबरात, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, निफाडकडच्या आमच्या दोन एकर थॉमसन द्राक्षबागेला ही मातीची ओल पाहून ड्रीप आपोआप चालू-बंद करणारी वायरलेस सिस्टीम बसवली. मातीत सेन्सर पुरलेले तीन नोड, त्यांचे आकडे घेणारा गच्चीवरचा गेटवे, विजेवर उघडणारे दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह. बाकी माहितीपत्रकात आहेच.

एप्रिलात एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. काढणीनंतर बागेला विश्रांती दिली, पाणी तोडलं. काळी जमीन ती, हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. खरड छाटणी करून पाणी सुरू केलं, तर दोन नंबरचा नोड ‘कोरडं’ म्हणायचं सोडेना. त्या आठवड्यात रात्रीची लाइट. सकाळी जाऊन पाहतो तर व्हॉल्व्ह उघडाच, ओळीत चिखल, विहीर तळाला. एप्रिलातलं पाणी हो! बायको म्हणाली, "आधी तुम्ही उठून जायचात तेच बरं होतं."

कंपनीला सहा फोन. "ॲप अपडेट करा." केलं. मग माणूस आला, लॅपटॉप उघडून बांधावर बसला. मातीला हात लावला नाही. शेवटी मीच उकरलं. माती आकसून सेन्सरभोवती बोटभर पोकळी! हा कपॅसिटिव्ह सेन्सर ओल थेट मोजत नाही, भोवतालच्या पदार्थाचा विद्युत गुण मोजतो. पाण्याचा आकडा ८० च्या आसपास, हवेचा १. पोकळीत बसून तो कोरडंच सांगणार ना. तिथलीच माती चाळली, पातळ कालवून भोवती ओतली. दोन दिवसांत आकडा ताळ्यावर. काळ्या जमिनीबद्दल माहितीपत्रकात एक ओळ नाही, आणि विकता कुठे, तर नाशिक जिल्ह्यात!

डिसेंबरात पाला भरला तेव्हा तीन नंबरचा सिग्नल जायचा. अँटेना मांडवाच्या वर काढली, सुटलं.

एक स्टार मात्र आता देववत नाही. गाळ ओतल्यावर खालचा, ६० सेंटीमीटरवरचा सेन्सर पहिल्यांदा नीट पाहिला. वर ३० सेंटीमीटरला वाफसा, म्हणजे हवी तेवढी ओल, असायचा, तरी ड्रीप चालली की खालचा आकडा चढत जायचा. म्हणजे पाणी मुळं ओलांडून खाली, आणि हे आम्ही वर्षानुवर्षं करत आलोय. तीन तासांवरून दोनवर आलो, मग दीडवर. वेलीनं कुरकुर केली नाही. गेल्या मेमध्ये चार टँकर घेतले होते, यंदा एकही नाही. म्हणून तीन स्टार.

सप्टेंबरात ॲपचे वर्षाचे पैसे भरायचेत. त्या रात्री चिखलात गेलेलं पाणी वजा करून भरणार, असं कंपनीला आत्ताच कळवून ठेवलंय.