करंगळी, घंटी की भारतीय सांकेतिक भाषा? मूकवाचनाच्या तासासाठी

आपल्या शाळांना हाताच्या खुणा नवीन नाहीत. करंगळी वर झाली की बाईंना जे कळायचं ते कळतं. पण मूकवाचन चालू असताना आणखी चार गोष्टी हातानंच सांगायच्या तर खुणा आपल्या आपण ठरवाव्यात, की कर्णबधिरांच्या भारतीय सांकेतिक भाषेतल्या घ्याव्यात? की टेबलावरची घंटी पुरे?

घंटीचं आधी उरकते. ती वाजली की सगळेच वर बघतात, मन लावून वाचणारेसुद्धा. तास संपला हे सांगायला ती उत्तम, एका दंगेखोराला गप्प करायला निकामी. शिवाय पाटणकडं जुलैत पत्र्यावर पाऊस बडवायला लागला की घंटी काय, माझा आवाजही दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही.

आमची शाळा दोनशिक्षकी. माझ्या खोलीत तिसरी आणि चौथी. तिसरीला हातच्याची वजाबाकी सांगताना चौथीचं मूकवाचन चालतं, आणि चौथीतलं एकजण "बाई, पाणी पिऊ?" म्हणालं की निम्म्या तिसरीला तहान लागते. हातानं विचारलं तर लागत नाही.

घरगुती खुणा दोन दिवसांत अंगवळणी पडतात. एका हातानं होतात, दुसऱ्या हातात पेन्सिल राहते, हा फायदा मोठा. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली ठरलेली. आधीच्या सरांकडं कानाला हात म्हणजे "ऐकू आलं नाही", माझ्याकडं "चुकलं, पुन्हा वाचते". पहिले पंधरा दिवस पोरं नुसती गोंधळली.

भारतीय सांकेतिक भाषेतली खूण बदलीबरोबर जात नाही, पुढच्या बाईंनाही तीच सापडते. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार शब्द झाले. व्हिडिओ यूट्यूबवर फुकट बघता येतात. शिकायचं ते तिथूनच. व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते बरेचदा अमेरिकन असतात. त्यातली अक्षरं एका हाताची, आपली बहुतेक दोन हातांची. म्हणजे काही खुणांसाठी पेन्सिल खाली ठेवावी लागते, ही अडचण खरीच.

आणि पाच खुणा आल्या म्हणजे भाषा आली, असं मुलांना सांगू नका. तिला स्वतःचं व्याकरण आहे: "कुठे", "काय" हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, भुवया आणि चेहराही अर्थ सांगतात.

वर्गात कर्णबधिर मूल असेल तर निवडीचा प्रश्नच नाही. भारतीय सांकेतिक भाषाच, तीही सगळ्या वर्गाला आणि मूकवाचनापुरती नाही. ते मूल घरी काही खुणा वापरत असेल तर आधी त्यालाच विचारा. तसं मूल नसेल तरी माझं मत तिकडंच झुकतं: पाणी, मदत, झालं, थांब, पुन्हा, एवढ्यावर सुरुवात करा. करंगळीला मात्र हात लावू नका, तिच्याइतकी पक्की खूण कुठल्याच कोशात नसेल.

सांगली शहरात पन्नास-साठ पोरांचा वर्ग असेल तर मागच्या बाकावरची खूण दिसतच नाही. तिथं रांगेला एक मॉनिटर नेमा. फळ्याकडं तोंड करून लिहिणाऱ्या शिक्षकाला तर कुठलीच खूण दिसणार नाही. मी आता वजाबाकी पाटीवर मांडते आणि तिसरीच्या मधोमध बसते, तोंड चौथीकडं करून.