‘बत्तीस म्हणजे बत्तीस’ : जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरच्या खरेदीत झालेली फसवणूक

निपाणी परिसरात आमची तंबाखूची वखार आहे. हंगामात शेतकऱ्यांचे पैसे चुकते करण्यासाठी रोकड घेऊन महामार्गावरून उशिरा परतावे लागते. दोन वेळा गाडीचा पाठलाग झाल्यानंतर मी स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवान्याचा रीतसर अर्ज केला. पोलीस चौकशी आणि बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील फेऱ्या यांत दीड वर्ष गेले. परवाना हाती आला तेव्हा त्यावर दोन नोंदी होत्या. एक म्हणजे शस्त्र विकत घेण्याची मुदत, आणि दुसरी म्हणजे परवाना कर्नाटक राज्यापुरताच वैध असल्याची मर्यादा. पुढे जे घडले त्यात या दोन्ही नोंदींचा वाटा असल्यामुळे त्या आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला .३८ किंवा ९ मि.मी. ही निषिद्ध बोअरची (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) शस्त्रे मिळत नाहीत. रिव्हॉल्व्हर हवे असेल तर बहुतेकांची निवड .३२ बोअरवर, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘बत्तीस’वर येऊन थांबते. त्यात माझ्यासमोर दोन वाटा होत्या. एक कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या रिव्हॉल्व्हरची. त्याची घडण वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीची, मधून मोडून उघडणारी आणि सहा काडतुसांची असते. दुसरी वाट जुन्या परदेशी शस्त्रांची. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद असल्यामुळे त्याआधी देशात आलेली शस्त्रेच हातोहात फिरत राहिली आहेत, आणि दुर्मीळ झाल्यामुळे त्यांची किंमत त्यांच्या अवस्थेशी संबंध न ठेवता वाढत गेली आहे.

मला लहान, कमरेला न जाणवणारे शस्त्र हवे होते. एका परवानाधारक विक्रेत्याने मला युरोपात बनलेले, आखूड नळीचे, निळसर काळ्या चकाकीचे रिव्हॉल्व्हर दाखवले. कानपूरचे शस्त्र त्याने शेजारीच ठेवले होते आणि ते मुद्दाम माझ्या हातात देऊन, “अण्णा, हे जड पडतंय बघा, चापही कडक हाय,” असे तो म्हणाला. परदेशी रिव्हॉल्व्हरचा चाप (ट्रिगर) खरोखरच हलका होता. तो हलकेपणा कारागिरीचा नसून झिजेचा होता, हे समजण्याइतका अनुभव मला नव्हता. सुटे भाग मिळतील का, असे मी विचारले, तेव्हा हुबळीहून सगळे मिळते असे उत्तर आले. काडतुसे कोणती लागतील, या प्रश्नावर तो म्हणाला, “बत्तीस म्हणजे बत्तीस. खडकीच्या सरकारी कारखान्याची काडतुसं सगळ्यांत चालत्यात.”

या एका वाक्यावर माझे दोन लाख चाळीस हजार रुपये गेले, म्हणून ते वाक्य चुकीचे का आहे हे सविस्तर लिहितो. .३२ या नावाची रिव्हॉल्व्हरची काडतुसे एकाच मापाची नसतात. एकोणिसाव्या शतकातले जुने ‘.३२ स्मिथ अँड वेसन’ हे काडतूस आखूड असून त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले धातूचे कवच, सुमारे १५ मि.मी. लांब असते. त्यानंतर आलेल्या ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’ची पुंगळी सुमारे २३ मि.मी. असते. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरसाठी मिळणारे काडतूस हे दुसरे, लांब प्रकारचे आहे. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत, म्हणजे काडतुसे धरणाऱ्या फिरत्या भागात, प्रत्येक काडतुसासाठी एक कोठा असतो. लांब मापासाठी केलेल्या कोठ्यात आखूड काडतूस बसते, पण आखूड मापाच्या कोठ्यात लांब काडतूस बसत नाही, आणि ते बसत नाही हीच त्या जुन्या शस्त्राची सुरक्षितता असते. मी घेतलेले रिव्हॉल्व्हर मुळात आखूड काडतुसाचे होते. त्याची चक्री लांबीला पुरेशी असल्याचा फायदा घेऊन कोणीतरी सहाही कोठे आतून कोरून वाढवले होते, नळीवरचे मापाचे अक्षर घासून काढले होते आणि वरून नवे ब्लूइंग, म्हणजे निळसर काळा मुलामा, चढवले होते. ती चकाकी म्हणजे याच कामावरचे पांघरूण होते.

खरेदीच्या दिवशी मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते, आणि ते विक्रेत्याला माहीत होते. पावती कानडीत होती. मला कानडी बोलता येते, वाचता येत नाही. आमच्या भागातल्या अनेकांची हीच स्थिती आहे. मी सही केली. त्या पावतीत ‘आहे त्या स्थितीत विक्री, नंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही’ असा मजकूर असल्याचे मला तीन महिन्यांनी माझ्या पुतण्याने वाचून दाखवले.

परवानगी असलेल्या नेमबाजी रेंजवर मी पहिली सहा काडतुसे चालवली. दोन वेळा घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) पडूनही बार उडाला नाही, आणि चक्री फिरून तेच काडतूस पुन्हा समोर आल्यावर उडाला. चौथ्या बाराला उजव्या हाताच्या मनगटावर शिशाचा बारीक तुकडा लागून रक्त आले. रिकाम्या पुंगळ्या कोठ्यांत इतक्या घट्ट अडकल्या होत्या की त्या बाहेर येईनात. निघाल्या तेव्हा प्रत्येकीला मध्यावर फुगवटा होता आणि एक उभी चिरलेली होती. रेंजवरच्या प्रशिक्षकाने तिथेच शस्त्र बंद करायला लावले, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

दुरुस्तीचा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. मला ठाऊक असलेला जवळचा कारागीर कोल्हापूरला, आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर. पण माझ्या परवान्याची हद्द महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याशी संपते. ते शस्त्र घेऊन पुढे एक पाऊल टाकले असते तर मीच गुन्हेगार ठरलो असतो. हुबळीला चौकशी केली तेव्हा त्या बनावटीचे सुटे भाग आपण कधी पाहिलेच नाहीत, असे उत्तर मिळाले. गावातल्या लेथवाल्याकडे जाण्याचा सल्ला काहींनी दिला. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे तो सल्ला ऐकणे म्हणजे लेथवाल्यालाही गुन्ह्यात ओढणे होते.

शेवटी सैन्यातून निवृत्त झालेले एक आर्मरर (शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर), ज्यांना आम्ही सगळे सुभेदार मामा म्हणतो, त्यांना मी घरी बोलावले. त्यांनी शस्त्र माझ्या समोर, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नुसते पाहिले. घोडा मागे ओढून चाप दाबून धरला असता चक्री जागच्या जागी घट्ट उभी राहायला हवी. इथे ती दोन्ही बाजूंना हलत होती, म्हणजे कोठा नळीच्या समोर नेमका येत नव्हता आणि गोळीचे शिसे कडेला घासून बाहेर फेकले जात होते. घोडा मागे ओढलेला असताना त्यावर अंगठ्याने जोर दिला तर तो सुटता कामा नये. इथे तो सुटला. मग त्यांनी भिंग मागितले. सांगाड्यावरचा (शस्त्राच्या मुख्य चौकटीवरचा) क्रमांक आणि चक्रीवरचा क्रमांक वेगळे होते, आणि सांगाड्यावरच्या शेवटच्या दोन अंकांचे वळण बाकीच्या अंकांशी जुळत नव्हते. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “हे दुरुस्त करायचं राहू दे. आधी हे लिहून दे.”

त्यांच्या या बोलण्याचे गांभीर्य मला वकिलांकडे गेल्यावर कळले. अधिनियमाच्या ८व्या कलमानुसार शस्त्रावरचा क्रमांक खोडलेला किंवा बदललेला आढळला, तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच बदलला असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ते रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच्या गळ्यात मारून मोकळे होण्याचा विचारही एका परिचिताने सुचवला होता. कायद्याने अशा विक्रीपूर्वी लेखी सूचना देऊन ४५ दिवस थांबावे लागते, पण कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी दुसऱ्या कोणाच्या हातात ते फुटावे, हे मला सहन झाले नसते.

मी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केले, क्रमांकातील तफावतीची लेखी तक्रार पोलीस आणि जिल्हाधिकारी दोघांकडे दिली, आणि ग्राहक आयोगात स्वतंत्र तक्रार दाखल केली. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मी ती जेमतेम गाठली. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत.

परवान्यावर नवी नोंद झाल्यावर मी कानपूरचे साधे रिव्हॉल्व्हर घेतले. ते जड आहे, त्याचा चाप कडक आहे, आणि पकड सुटसुटीत करण्यासाठी मला रिकाम्या शस्त्रावर पुष्कळ सराव करावा लागला. पण त्याचा घोड्याचा स्प्रिंग बदलायचा झाला तेव्हा बेळगावच्याच परवानाधारक विक्रेत्यामार्फत काम झाले, आणि शस्त्र जिल्ह्याबाहेर न्यावे लागले नाही. घेताना मी सुभेदार मामांना दुकानात सोबत नेले, सांगाडा, नळी आणि चक्री यांवरचे क्रमांक उजेडात वाचून घेतले, आणि पावतीचा प्रत्येक शब्द पुतण्याकडून मराठीत समजून घेतल्यावरच सही केली.

ज्यांच्याकडे वाडवडिलांपासून आलेले किंवा अलीकडे घेतलेले जुने परदेशी ‘बत्तीस’ आहे आणि ज्यातून पुंगळ्या फुगून किंवा चिरून निघतात, त्यांनी ते आजपासून चालवू नये. रिकामे करून कुलपात ठेवावे, त्या पुंगळ्या जपून ठेवाव्यात, आणि शस्त्रावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी एकेक अंक लावून तपासावा. माझ्या तक्रारीत आतापर्यंत सर्वांत अधिक उपयोग झाला आहे तो त्या चिरलेल्या एका पुंगळीचा.