मूळ हेड सुधारावे की नवे घ्यावे? शेव्हरले ३५० वरील दोन्ही पर्यायांचे परीक्षण

शेव्हरलेच्या ३५० घनइंची व्ही-८ इंजिनातून अधिक अश्वशक्ती काढायची म्हटली, की विचार शेवटी सिलिंडर हेडपाशी, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या आणि व्हॉल्व्ह धरणाऱ्या झाकणापाशी, येतो. कार्ब्युरेटर कितीही मोठा बसवला आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कितीही जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक उचलणारा, घातला, तरी हवा त्या एका इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हच्या कडेवरूनच आत जाणार असते. मी एकाच ब्लॉकवर, तेच पिस्टन आणि तोच कॅम ठेवून, आधी मूळ बिडाच्या हेडची जोडी मशिन शॉपमध्ये सुधारून बसवली आणि पुढे ती उतरवून बाजारातील नवी अॅल्युमिनियमची जोडी लावली. निष्कर्ष आधीच सांगतो: अश्वशक्ती हवी असेल तर नवे हेड घ्यावे, आणि मूळ हेडवर मेहनत करावी ती केवळ ते कास्टिंग, म्हणजे ओतीव हेड, मुळातच चांगले असेल तेव्हा.

माझी मूळ जोडी सत्तरच्या दशकातली, ८८२ या कास्टिंग क्रमांकाने ओळखली जाणारी होती. तिच्यावर केलेल्या कामांपैकी सर्वाधिक फळ मिळाले ते व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटखालच्या खोलगट भागाच्या, म्हणजे बाउलच्या, कामाचे. कारखान्यात सीट कापणारे हत्यार जिथे थांबते, तिथे त्याच्याखाली एक धार राहून जाते आणि आत वळणारी हवा नेमकी त्या धारेला आपटून सीटपासून सुटते. ती धार घासून सीटमध्ये मिसळून घेणे, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हचा दांडा सरळ ठेवणाऱ्या नळीभोवतीचा) उंचवटा निमुळता करणे आणि पोर्टच्या (हेडमधील हवेच्या मार्गाच्या) तळाचे आखूड वळण हलक्या हाताने गोलावणे, एवढ्यावरच खरा फायदा उभा असतो. त्याला ३०, ४५ आणि ६० अंशांत कापलेल्या सीटची जोड मिळाली, की कमी लिफ्टवरही हवा मोकळी वाहू लागते. याउलट पोर्टचे तोंड गॅस्केटच्या मापापर्यंत रुंदावणे आणि इनटेक पोर्टला आरशासारखे पॉलिश करणे ही कामे डोळ्यांना भावतात, पण व्हॉल्व्हजवळची अडचण त्याने तसूभरही कमी होत नाही. मी कारागिराच्या शेजारी उभा राहून हे सगळे पाहिले आहे, आणि आठही इनटेक पोर्ट सारखे ठेवणाऱ्या त्याच्या हाताविषयी मला मनापासून आदर वाटतो. मात्र पोर्टच्या भिंतीमागे पाण्याची जागा असते, भिंत कुठे पातळ आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि म्हणून कुशल माणूसही एका मर्यादेपलीकडे ग्राइंडर नेत नाही.

खरी अडचण मात्र पोर्टची नव्हती, ज्वलनकक्षाची होती. ८८२ चा कक्ष ७६ सीसीचा असतो. माझ्या सपाट पिस्टनसह आणि गॅस्केटसह हिशेब केला, तर कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) जेमतेम साडेआठास एक एवढे भरत होते. ६४ सीसीच्या कक्षाने तेच साडेनऊच्या थोडे वर जाते. हेडचे फेसिंग करून, म्हणजे तळ कापून सपाट करून, कक्ष लहान करता येतो, पण एक सीसी कमी करायला साधारण ०.१५ मिलिमीटर धातू काढावा लागतो, म्हणजे बारा सीसीसाठी जवळजवळ १.८ मिलिमीटर. इतके काढले तर हेडचा तळ कमकुवत होतो, आणि व्ही रचनेत दोन्ही हेड खाली बसल्यामुळे मधल्या इनटेक मॅनिफोल्डचे (हेडपर्यंत हवा वाटणाऱ्या भागाचे) पोर्ट आणि बोल्टची भोके जुळेनाशी होतात. पोर्ट कितीही सुधारले, तरी कॉम्प्रेशन तिथेच राहिले, आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरचा आळस गेला नाही.

पैशांच्या बाबतीतही मूळ हेड ‘आपल्याकडे आहेच’ म्हणून स्वस्त पडते, हा समज मला सोडावा लागला. गाइड नवे, एक्झॉस्टच्या सीट नव्या, व्हॉल्व्ह नवे, स्प्रिंगच्या बैठकी कापणे, दाबून बसवलेले रॉकर स्टड (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचे खुंट) काढून आट्यांचे स्टड घालणे, फेसिंग, आणि मग पोर्टिंगचे तास: प्रत्येक काम वेगळे आणि प्रत्येकाची मजुरी वेगळी. शेवटी बेरीज तयार हेडच्या किमतीच्या अगदी जवळ पोहोचली. त्यातही माझ्या मशिन शॉपने आधी सीट कापल्या आणि तडे नंतर तपासले. चुंबकीय तपासणीत एका हेडमध्ये दोन सीटच्या मध्ये बारीक तडा सापडला आणि तोवरची सगळी मजुरी वाया गेली. दुसरे हेड मिळवून काम पुन्हा करून घ्यावे लागले. बिडाचे जुने हेड हातात घेतले, की पहिले काम तडे तपासण्याचे, आणि ते हत्यार लावण्यापूर्वीच व्हायला हवे.

मूळ हेडचा पर्याय मी सरसकट बाद करत नाही, कारण १९९६ पासून शेव्हरलेच्या ट्रकांवर आलेले व्होर्टेक हेड याला ठळक अपवाद आहे. त्याचा कक्ष ६४ सीसीचा आणि आकाराने अधिक जलद ज्वलनाचा आहे, पोर्टचे वळण जुन्या कास्टिंगपेक्षा पुष्कळ चांगले आहे, आणि १.९४ इंची व्हॉल्व्ह ठेवूनही ते जुन्या २.०२ इंची हेडच्या तोडीस तोड हवा नेते. त्याच्या बाउलवर हलका हात फिरवला तरी ते रस्त्यावरच्या इंजिनाला पुरून उरते. मात्र त्याला आठ बोल्टचा स्वतंत्र मॅनिफोल्ड लागतो, जुना बारा बोल्टचा चालत नाही, आणि सुमारे १२ मिलिमीटरच्या पुढे लिफ्ट नेली की रिटेनर (स्प्रिंगची वरची टोपी) गाइडच्या सीलवर आपटण्याची वेळ येते. त्यासाठी गाइडचा माथा कापावा लागतो.

नव्या हेडबद्दल वाचताना सगळीकडे फ्लो बेंचचे, म्हणजे पोर्टमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे भेटतात, आणि ते वाचण्याची एक रीत आहे. २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजलेल्या सीएफएमला (मिनिटाला जाणाऱ्या घनफूट हवेला) ०.२५७ ने आणि सिलिंडरच्या संख्येने गुणले, की अश्वशक्तीची वरची मर्यादा मिळते: २०० सीएफएमला सुमारे ४११, २४० ला सुमारे ४९३. हा अंदाज छताचा आहे. कॅम, कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट कमी पडले तर तिथवर कोणी पोहोचत नाही. शिवाय व्हॉल्व्ह कमाल लिफ्टला एकदाच जातो, पण मधल्या लिफ्टवरून उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो, म्हणून ०.३ ते ०.५ इंचांमधले आकडे मी कमाल आकड्यापेक्षा महत्त्वाचे मानतो. पोर्टच्या आकारमानाचेही तसेच आहे. एडलब्रॉकचे परफॉर्मर आरपीएम १७० सीसीचे आहे, एअर फ्लो रिसर्चकडे १८० आणि १९५ पासून २२७ पर्यंत मापे मिळतात. रस्त्यावर चालणाऱ्या ३५० ला १७० ते १९५ सीसी पुरतात, कारण त्याहून मोठ्या पोर्टमध्ये हवेचा वेग मंदावतो आणि रोज वापरायच्या फेऱ्यांवरचा टॉर्क हातचा जातो.

मी ६४ सीसी कक्षाची, १७० सीसी पोर्टची आणि २.०२ इंची इनटेक व्हॉल्व्हची जोडी निवडली. फरक दोन ठिकाणी जाणवला. कॉम्प्रेशन वाढल्यामुळे खालपासूनच प्रतिसाद तीक्ष्ण झाला, आणि आधीची जोडी जिथे ४,५०० फेऱ्यांच्या आसपास दमायची, तिथे हे इंजिन त्याच कॅमवर ओढत पुढे जाते. पुढच्या चाकांवरचे सुमारे वीस किलो वजनही उतरले. अॅल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेत असल्यामुळे वाढलेल्या कॉम्प्रेशनवरही मला ठोका (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आला नाही.

तरीही खोक्यातून काढले आणि बसवले, असे मी कुणालाही करू देणार नाही. माझ्या जोडीत दोन एक्झॉस्ट गाइड घट्ट होते, पाण्याच्या मार्गात कापकामाचा कीस राहिला होता आणि सोबतच्या स्प्रिंग माझ्या कॅमला अपुऱ्या होत्या. व्हॉल्व्ह सगळे काढून गाइड मोजणे, सीट निळाई लावून तपासणे आणि हेड धुणे यात दोन दिवस गेले. मोठे व्हॉल्व्ह पिस्टनच्या किती जवळ येतात, हे मातीचा गोळा ठेवून पाहिल्याखेरीज मी इंजिन शेवटचे जोडून घेतले नाही. गाइड प्लेटसाठी (पुशरॉडला जागेवर ठेवणाऱ्या पट्टीसाठी) कडक केलेले पुशरॉड, बोल्टखाली कडक वॉशर आणि लांब आट्यांचे, वॉशरच्या बैठकीचे स्पार्क प्लग हा खर्च वेगळा धरावा लागतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेड गॅस्केट त्याच जोडीसाठी सांगितलेलेच घेतले आणि पाण्यात गंजरोधक कूलंट भरले. प्लगच्या आट्या मऊ धातूत आहेत, तेव्हा इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय मी त्यांना पाना लावत नाही.