सेंद्रिय की साधं, कापड की प्लास्टिक: जादा पैसे कुठे मोजावेत?

सफरचंदांचे दोन ढीग शेजारी शेजारी. एकावर ‘सेंद्रिय’ अशी चिठ्ठी आणि चढा भाव, दुसरा साधा. हात कुठे घालायचा हे ठरवण्याआधी आपल्याला त्या चिठ्ठीकडून काय हवंय ते स्वतःला विचारावं. पोटात फवारणीचं औषध कमी जावं? शेतातली माती, पाणी, मधमाश्या वाचाव्यात? की हवामानावरचा भार हलका व्हावा? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकाच ढिगाकडे बोट दाखवत नाहीत. ‘सेंद्रिय म्हणजे सगळ्याच बाजूंनी चांगलं’ असं धरून चालणारा ग्राहक बहुधा फसतो. ‘सगळी थापच आहे’ म्हणणाराही तितकाच.

ताटातला प्रश्न

पोटापासून सुरुवात करू. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. पोषणमूल्यांत त्यांना फारसा फरक दिसला नाही. कीडनाशकांचे अवशेष मात्र सेंद्रिय मालात सापडण्याची शक्यता कमी होती, आणि साध्या मालातले अवशेषही क्वचितच कायदेशीर मर्यादेबाहेर जात होते. 2014 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये आलेल्या, 343 शोधनिबंधांवर आधारलेल्या आढाव्याचा सूर जरा वेगळा होता. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त, कॅडमियम हा विषारी धातू कमी आणि कीडनाशकांचे अवशेषही कमी आढळले. म्हणजे अवशेष कमी असतात यावर दोन्हींचं एकमत, पोषणावर वाद. जीवनसत्त्वांसाठी म्हणून कोणी दुप्पट पैसे मोजत असेल तर मी त्याला थांबवेन. अवशेष टाळायचे म्हणून मोजत असेल तर नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं नव्हे. मोरचूद, गंधक, कडुनिंबाचा अर्क, शेवंतीवर्गातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रिन अशी औषधं सेंद्रिय शेतीतही ठरावीक अटींवर चालतात. मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना ते मुळीच मानवत नाही. औषध निसर्गातून आलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

पैसे मोजकेच असतील तर कुठे घालावेत? सालीसकट किंवा पानासकट खायच्या गोष्टींवर: स्ट्रॉबेरी, पालक, द्राक्षं, सफरचंद. कांदा, अननस, अ‍ॅव्होकॅडो यांची साल आपण फेकूनच देतो, तिथे साधा माल बिनधास्त घ्यावा. धुण्यानेही फरक पडतो, पण एका मर्यादेपर्यंत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये दोन औषधं लावलेली सफरचंदं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून पाहिली. लिटरभर पाण्यात साधारण दोन चहाचे चमचे सोडा एवढंच प्रमाण. बारा ते पंधरा मिनिटांत सालीवरचं औषध निघालं, सालीच्या आत मुरलेलं तसंच राहिलं. नळाखाली दोन सेकंद फळ फिरवणं म्हणजे धुणं नव्हे, हे मीही त्यानंतरच मनावर घेतलं.

आता शेत. इथे सेंद्रियची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते. कृत्रिम नत्रखत नाही, फवारणी करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात कृत्रिम विष जात नाही, बांधावर किडे-पाखरं जास्त दिसतात. पण उत्पादन सरासरी वीसेक टक्क्यांनी कमी येतं. पीक आणि मशागत यांनुसार हा फरक कमीजास्त होतो. तेवढंच धान्य पिकवायला जास्त जमीन लागते, त्यामुळे हवामानाच्या हिशेबात किलोमागे सेंद्रियचा फायदा कधी उरतो, कधी उरत नाही. एका देशाने हा बदल एका झटक्यात करून पाहिला. श्रीलंकेने 2021 च्या मे महिन्यात रासायनिक खतांची आयात थांबवली आणि पीक कोसळल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदी मागे घेतली. दोष सेंद्रिय शेतीचा कमी, घाईचा जास्त. जमीन रुळायला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणूनच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही तेवढा काळ थांबायला लावतात.

हवामानाचीच काळजी असेल तर सेंद्रिय की साधं हा वादच दुय्यम आहे. 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांचा हिशेब मांडला गेला. त्यात एक किलो गोमांसामागचं उत्सर्जन एक किलो वाटाण्याच्या पन्नास पटींहून जास्त निघालं. वाहतुकीचा वाटा अन्नाच्या एकूण उत्सर्जनात जेमतेम 6 टक्के. ‘जवळचं ते हिरवं’ हे म्हणूनच अर्धंच खरं. विमानाने आलेला नाशवंत माल टाळावा, पण जहाजाने आलेली डाळ जवळच्या मांसापेक्षा कितीतरी हलकी. चिठ्ठी कोणती यापेक्षा ताटात काय आहे ते मोठं.

आणि ताटात काय उरतं तेही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. महागाची सेंद्रिय जुडी फ्रिजच्या तळाशी सडली तर तिच्यासाठी लागलेली जमीन, पाणी, पैसे सगळंच कचऱ्यात गेलं. त्यापेक्षा साधी जुडी संपवलेली बरी.

पिशवीचं गणित

माझ्या दारामागच्या खुंटीवर सतरा कापडी पिशव्या आहेत. विकत घेतलेल्या चार, बाकीच्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात ‘पर्यावरणासाठी’ म्हणून गळ्यात पडलेल्या. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने 2018 मध्ये केलेला हिशेब वाचला आणि त्या खुंटीकडे बघवेना. फक्त हवामान धरलं तर साधी सुती पिशवी 52 वेळा वापरली की ती दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. सेंद्रिय कापसाची 149 वेळा, कारण कापसाचा उतारा कमी धरलेला. पाणी, ओझोनच्या थराचं नुकसान वगैरे सगळे निकष लावले तर हेच आकडे अनुक्रमे 7,100 आणि 20,000 होतात. वीस हजार म्हणजे रोज वापरली तरी चौपन्न वर्षं!

या आकड्यांवरून प्लास्टिकवाले खूष होतात, पण त्या हिशेबात एक मोठी फट आहे. पिशवी नाल्यात तुंबली, जनावराच्या पोटात गेली, समुद्रात पोचली, हे नुकसान त्यात धरलेलंच नाही. जिथे कचरा नीट उचलला जातो आणि जाळून वीज करतात अशा देशासाठी केलेलं ते गणित. कचरा उघड्यावर पडत असेल तिथे प्लास्टिकची पिशवी कागदावर दिसते तेवढी निर्दोष नाही.

मग निवड कशी करायची? घरात पिशवी आहेच, तर तीच वापरा, कापडी असो वा प्लास्टिकची. दर आठवड्याला एकदा नेली तर 149 चा आकडा तीन वर्षांत गाठता येतो, अवघड नाही. नवी घ्यायचीच झाली तर एक जाड, टिकाऊ घ्या, आणि फुकट मिळणारी अठरावी हात जोडून परत करा.

बाटली आणि बरणीलाही हाच न्याय. काच वितळवायला सुमारे 1,500 अंश सेल्सिअस तापमान लागतं, शिवाय ती जड. एकदा वापरून टाकलेली काचेची बाटली हवामानाच्या बाबतीत बहुधा प्लास्टिकच्या बाटलीहून वाईट ठरते. परत भरून वापरली तर चित्र पालटतं. रिकामी बरणी डब्यासारखी वापरा, नवा ‘शून्य कचरा’ बरणीसंच कशाला?

‘कंपोस्टेबल’ लिहिलेला ग्लास किंवा पिशवी दिसली तर लगेच भुलू नका. युरोपचं ईएन 13432 हे मानक अठ्ठावन्न अंशांच्या आसपास तापणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पासाठी आहे. परसातला खतखड्डा एवढा आणि एवढा वेळ क्वचितच तापतो. असा प्रकल्प जवळ नसेल तर त्या वस्तूचा शेवट साध्या कचऱ्यातच. कागदी कपालाही आतून बहुतेकदा प्लास्टिकचा पातळ थर असतोच.

चिठ्ठीवर विश्वास किती?

‘सेंद्रिय’ या शब्दामागे बहुतेक ठिकाणी कायदा आणि तपासणी असते. अमेरिकेत आणि युरोपीय संघात प्रक्रिया केलेल्या पदार्थावर सेंद्रियची मोहोर लावायची तर 95 टक्के घटक तसे लागतात. कपड्यांसाठी जीओटीएस हे मानक आहे, त्यात किमान 70 टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो. ‘नैसर्गिक’, ‘हिरवं’, ‘पृथ्वीस्नेही’ या शब्दांमागे मात्र बहुधा काहीच नसतं. युरोपीय आयोगाने 2020 मध्ये असे दावे तपासले तेव्हा 53 टक्के मोघम, दिशाभूल करणारे किंवा बिनबुडाचे निघाले. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि संस्थेचं नाव छापलंय का ते बघा, पानाचं चित्र नव्हे. उलट, छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही असंही होतं. ओळखीचा शेतकरी असेल तर काय फवारतोस, हे त्याला सरळ विचारणं पुरतं.

कपड्यांत तर मी चिठ्ठी शेवटी बघतो. सेंद्रिय कापसाचा नवा सदरा आणि कपाटातला जुना, यांत जुना जिंकतो. धुलाई गार पाण्यात केली तर वीज बरीच वाचते, कारण यंत्राची बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. कृत्रिम धाग्याचे कपडे प्रत्येक धुण्यात सूक्ष्म तंतू सोडतात. 2016 मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर तंतू सुटतात असा अंदाज बांधला. पण तेवढ्यासाठी असे जुने कपडे फेकू नका, फक्त कमी वेळा आणि यंत्र पूर्ण भरल्यावरच धुवा.