व्हाइटचॅपल ते ब्रिक लेन, पायी : पाचपैकी चार तारे

मुलाकडे लंडनला आलेल्या आईवडिलांना काय दाखवायचं हे आता ठरून गेलंय. राजवाडा, टॉवर ब्रिज, नीस्डनचं मंदिर आणि साउथॉलला जाऊन कढीपत्ता. ज्यांचं हे सगळं उरकलंय आणि गुडघे अजून शाबूत आहेत, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू.

पूर्व लंडनमध्ये रविवारी सकाळी अडीच तासांची एक पायी टूर निघते. विषय ऐकून दचकू नका. बाहेरून येऊन या भागात राहिलेले लोक आणि इथले समलिंगी लोक, दोघांचा इतिहास एकाच फेरीत. चालवणारा गट चार-पाच जणांचा, हौशी. त्यांना दोन्ही बाजूंनी शिव्या येतात, म्हणून नाव नेटवर टाकू नका अशी त्यांनीच विनंती केली. ज्यांना जायचंय त्यांनी मला मेसेज करा. तिकीट १८ पौंड. रुपयात हिशोब करू नका, पाय उचलणार नाही.

मी डोंबिवलीची, बँकेतून निवृत्त. धाकटा मुलगा गे आहे. त्याचा जोडीदार सिल्हेटी मुसलमान, म्हणजे घराणं बांगलादेशातल्या सिल्हेटचं, जन्म इथलाच, पूर्व लंडनमधल्या माइल एंडचा. हे आधीच सांगून टाकते, कारण ही टूर मी काही तटस्थपणे ऐकलेली नाही.

आल्डगेट ईस्ट स्टेशनबाहेर जमायचं. गाइड चाळिशीची बंगाली बाई, एरवी शाळेत शिकवते. इंग्रजी अस्सल ईस्ट एंडचं, शब्दातला 'ट' अर्धा पोटातच राहतो. पहिली दहा मिनिटं कान लावावे लागतात, मग जमतं. तिच्याकडे माइक नाही, आणि व्हाइटचॅपल रोडवर दर मिनिटाला बस. मागे उभं राहिलात तर १८ पौंडांत फक्त वाऱ्यावर उभं राहिल्याचं समाधान. पुढे घुसा. लोकलमध्ये चढलेल्या बायकांना हे शिकवायला नको.

पहिला थांबा अल्ताब अली पार्क. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी कपड्यांच्या कारखान्यातून घरी निघालेल्या अल्ताब अली या बांगलादेशी तरुणाला बाजूच्याच ॲडलर स्ट्रीटवर तीन पोरांनी भोसकून मारलं. ना ओळख, ना वैर. दहा दिवसांनी त्याच्या शवपेटीमागे सुमारे सात हजार माणसं इथून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेली. १९९८ मध्ये बागेला त्याचं नाव दिलं. ढाक्याच्या शहीद मिनारची लहान प्रतिकृतीही आत आहे. गाइड इथे फार रेंगाळली नाही, आणि ते बरोबरच होतं.

तिथून पाच मिनिटांवर ईस्ट लंडन मशीद. टूरचा जीव इथे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये या भागात बस स्टॉपवर, भिंतींवर स्टिकर लागले. इंद्रधनुषी झेंड्यावर काट, वर 'गे फ्री झोन', सोबत कुराणाचा हवाला. तिने प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो फिरवला. फोटो आपल्या पासपोर्ट-फोटोएवढा, चष्मा काढून-घालून सगळे बघत होते. पोस्टकार्डाएवढा तरी छापा की.

आमच्या गटात पुण्याचे एक काका-काकू होते. काका सकाळपासून घुसमटत होते, ते इथे फुटले. "हे लोक जातील तिथे हेच करतात," असं इंग्रजीत म्हणाले आणि दाद मिळावी म्हणून माझ्याकडे पाहिलं. आपल्या लोकांना आपण परदेशात हमखास सापडतो.

गाइडने विचारलं, "कोण लोक?"

"यू नो."

"नाही, मला नाही कळलं. सांगा."

काका मशिदीकडे बघून गप्प. दोन बस गेल्या. मला वाटलं आता ही बाई भाषण देणार, सगळे धर्म प्रेम शिकवतात वगैरे. तसलं ऐकायला मी १८ पौंड दिले नव्हते. तिने भाषण दिलं नाही. तिने सांगितलं की स्टिकर लावणारा एक मुलगा सापडला, वय १८, जूनमध्ये कोर्टाने त्याला १०० पौंड दंड केला. समोरच्या मशिदीने त्या स्टिकरांचा जाहीर निषेध केला होता. लगेच हेही सांगितलं की पीटर टॅचेल यांच्यासारख्या जुन्या गे कार्यकर्त्याने तेव्हा याच मशिदीला धारेवर धरलं होतं, समलिंगींविरुद्ध गरळ ओकणारे वक्ते यापूर्वी इथेच बोलून गेले म्हणून. मशिदीच्या दारात उभं राहून हे सांगितलं तिने, आवाज न उतरवता. मग २०१३ चा प्रकार. काही पोरं स्वतःला 'मुस्लिम पेट्रोल' म्हणवून रात्री इथे फिरायची, दारू पिणाऱ्यांना हटकायची, एका माणसाला गे समजून शिवीगाळ करत हाकललं आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. डिसेंबरमध्ये तिघे तुरुंगात गेले. त्यातला एक जन्माने गोरा इंग्रज, मागाहून मुसलमान झालेला.

"याला कुठल्या देशात परत पाठवायचं?" तिने काकांना विचारलं. काका म्हणाले, तसं नाही, पण एकूण मानसिकता बघा.

त्यावर तिने जे काढलं ते मला अपेक्षित नव्हतं. २००९ च्या गॅलपच्या पाहणीत ब्रिटिश मुसलमानांना विचारलं होतं, समलिंगी संबंध नैतिकदृष्ट्या मान्य आहेत का. हो म्हणणारे शून्य टक्के. काकांचा चेहरा उजळला. तोच प्रश्न त्याच पाहणीत फ्रान्समधल्या मुसलमानांना विचारला, तिथे ३५ टक्के. धर्म तोच, मधे एक खाडी. आणि १९८७ मध्ये एकूण ब्रिटिश जनतेत अशा संबंधांना 'नेहमीच चूक' म्हणणारे शंभरात ६४. पुढच्याच वर्षी इथल्या सरकारने सेक्शन २८ आणलं, म्हणजे शाळांत समलिंगी नात्यांबद्दल बरं बोलायची चोरी. ते २००३ पर्यंत होतं. ही बाई त्याच काळात या भागातल्या शाळेत शिकली. तिच्या शाळेत गे मुलांना मारायचं काम गोरी आणि बंगाली पोरं आळीपाळीने करायची, असं म्हणाली.

मी मनात म्हटलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमही १८६० मध्ये या इंग्रजांनीच आपल्याकडे लावलं होतं. आपण २०१८ मध्ये त्यातून सुटलो, सिल्हेटला ते अजून आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्या तिकिटाचा पैसा इथे वसूल. द्वेष झाला तो झाला म्हणून सांगायचा. कोणी केला, कधी, काय शिक्षा झाली, त्याच्या बाजूला उभं राहून कोण नको म्हणालं, तेही सांगायचं. आणि तिथेच थांबायचं. नोकरीत असताना कर्जाच्या टेबलावर मी वर्षानुवर्षं 'निगेटिव्ह एरिया'च्या याद्या पाहिल्या. मुंब्र्याचा पत्ता दिसला की अर्जदार शिक्षक आहे, पगार चोख आहे, हप्ता कधी चुकलेला नाही, हे पाहायच्या आधी फाइल बाजूला. थकबाकीदार आमच्याकडे डोंबिवलीतही ढिगाने होते, पण त्यांची एकेकट्याची नावं असायची. काकांचं 'हे लोक' ऐकताना मला ती यादीच डोळ्यासमोर आली.

नंतर ब्रिक लेन. कोपऱ्यावरची मशीद १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांचं चर्च म्हणून बांधली, १८९८ पासून ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढाल.

पण खरं ऐकायचं ते हॅन्बरी स्ट्रीटच्या तोंडाशी. २४ एप्रिल १९९९, शनिवार. डेव्हिड कोपलंड नावाचा २२ वर्षांचा निओ-नाझी खिळे भरलेल्या बॉम्बची बॅग घेऊन इथे आला. आठवड्यापूर्वी त्याने ब्रिक्स्टनला, काळ्या लोकांच्या वस्तीत, एक फोडलेला होता. आता त्याला बंगाली बाजाराची गर्दी हवी होती. बाजार रविवारी भरतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बॅग टाकून गेला. एका माणसाला ती दिसली, कुणाची राहिली म्हणून तो पोलीस चौकीत घेऊन गेला, चौकी बंद. त्याने ती आपल्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि तिथे ती फुटली. १३ जखमी, मेलं कोणी नाही. पुढच्या शुक्रवारी, ३० एप्रिलला, तिसरा बॉम्ब सोहोतल्या ॲडमिरल डंकन या गे पबमध्ये. तिघं गेली, त्यातली एक बाई चार महिन्यांची गरोदर. काळे, बंगाली आणि गे, तिघांना एकाच माणसाने तेरा दिवसांत गाठलं.

माझी पहिली मोठी तक्रार इथे. हा थांबा मशिदीच्या आधी हवा. काकांना तेव्हा हे माहीत असतं तर संभाषण वेगळं झालं असतं. किंवा नसतं झालं, काका पुण्याचे होते.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. सगळ्यात शिकण्यासारखा भाग तिने चहाच्या दुकानाकडे जाता जाता, रस्ता ओलांडताना गुंडाळला. मी चहा होईस्तोवर तिला धरून बसवलं म्हणून नीट कळलं. स्टिकरांवर चिडून काही लोकांनी २ एप्रिल २०११ ला 'ईस्ट एंड गे प्राइड' असा मोर्चा जाहीर केला. वरवर पाहता योग्यच. मग एका संयोजकाचे इंग्लिश डिफेन्स लीगशी संबंध निघाले, म्हणजे मुसलमानांविरुद्ध रस्त्यावर उतरणारी टोळी. समलिंगी मुसलमानांची 'इमान' नावाची संस्था १९९९ पासून इथे काम करते. मोर्चा रद्द करा असं तिनेही म्हटलं, आणि मार्चमध्ये तो रद्द झाला. ज्यांना त्या स्टिकरांचा सगळ्यात जास्त त्रास, तेच म्हणतायत की आमच्या नावाने हे नको. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लीगला या भागातून मोर्चा काढायचा होता. गृहमंत्र्यांनी मोर्च्यांवर ३० दिवसांची बंदी घातली, तेव्हा ते आल्डगेटला नुसते उभे राहून घोषणा देऊन गेले. या सगळ्याला निदान अर्धा तास द्या हो.

मुलाच्या जोडीदाराला घरी आल्यावर विचारलं. तो तेव्हा कॉलेजात होता. माइल एंडच्या बस स्टॉपवरचा एक स्टिकर त्याने घराच्या किल्लीने खरवडला होता. निम्माच निघाला, कारण बस आली. त्याच्या आईला सगळं माहीत आहे. ती विषय काढत नाही, पण थंडीत डबा भरून पिठे, म्हणजे बंगाली पद्धतीचे तांदळाच्या पिठाचे पदार्थ, पाठवते, आणि दोघांना पुरतील इतके. वडील बोलत नाहीत. आमच्याकडेही मुलाच्या वडिलांनी सहा महिने अबोला धरला होता, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे विनोद आले ते पाठवणारे सगळे आपल्याच आडनावांचे. बाहेरून आलेलं त्यात कोणी नव्हतं.

तर चहा. टूरच्या तिकिटात चहा आणि एक समोसा येतो, बंगाली मिठाईच्या दुकानात. चहा दुधाळ, साखर आधीच घातलेली, मधुमेह असेल तर आधी सांगा. समोसा गरम होता. काका माझ्याच टेबलावर बसले. मुलगा काय करतो, लग्न झालं का, नेहमीचं. मी म्हटलं, लग्न नाही, जोडीदार आहे, इथलाच सिल्हेटी मुलगा.

सकाळपासून समलिंगींच्या काळजीने व्याकूळ झालेल्या काकांनी समोसा खाली ठेवला. थोडा वेळ गेला. मग आवाज उतरवून, आपुलकीने विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

काकू म्हणाल्या, "अहो, चटणी घ्या."

आता कामाचं. बायकांचा इतिहास या टूरमध्ये जवळजवळ नाहीच. लेस्बियन हा शब्द अडीच तासांत दोनदा आला असेल, आणि गाइड स्वतः बाई असून हे असं. त्याचा एक तारा कापला. माइकचा कापायला हवा होता, पण तिच्या घशाची दया आली. वाटेत स्वच्छतागृह नाही, निघण्यापूर्वी व्हाइटचॅपल गॅलरीत जाऊन या, तिथे प्रवेश फुकट आहे. चालणं सपाट, पण ब्रिक लेनचे दगड ओले असले की घसरतात, सँडल नको. दहा-बारा वर्षांच्या मुलांना नेलं तरी चालेल. आमच्या गटात एक मुलगी होती, तिने सगळ्यांत चांगले प्रश्न विचारले. ज्येष्ठांना तीन पौंडांची सवलत आहे. वेबसाइटवर लिहिलेली नाही, आपणहून देतही नाहीत, मागावी लागते.