एका लिटरात आठ तास आणि साडेतीन किलोवॅट: इथेनॉल फायरप्लेस घेण्याआधी हा हिशेब करा

माझी सगळी नोकरी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत गेली, तीही प्रयोगशाळेत. मळी आंबवून निघणारं स्पिरिट रोज मोजायचं, त्याची टक्केवारी काढायची, हेच काम. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला कसं फसवलं गेलं ते मी आकड्यांसकट लिहू शकतो, आणि लिहायलाच हवं असं मला वाटतं. पाचगणी, भिलार, महाबळेश्वर या पट्ट्यात ज्यांची घरं आहेत किंवा जे पर्यटकांना खोल्या देतात, त्यांच्याकडे हाच माल आणि हेच माहितीपत्रक घेऊन माणसं अजून येतात.

भावाचं घर पाचगणीत आहे, त्यातल्या दोन खोल्या तो पाहुण्यांना देतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठतं, तेव्हा खोलीत ऊब हवी असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. लाकडाची शेकोटी आत पेटवता येत नाही, कारण खोल्यांना धुराडं नाही. सातारा शहराजवळच्या एका दुकानात त्याला इथेनॉलवर चालणारी फायरप्लेस दाखवली. स्टीलचा लांबट बर्नर, पुढे जाड काच, दिसायला देखणी. किंमत ५८,००० रुपये. माहितीपत्रकावर एकाच ओळीत छापलं होतं: उष्णता ३.५ किलोवॅट, एका लिटरात ८ तास, धूर नाही, चिमणीची गरज नाही.

दुकानदार म्हणाला, "साहेब, लिटरभर टाका आणि रात्रभर बघायला नको." दाखवायला काचेची छोटी केबिन होती, त्यात फायरप्लेस मंद जळत होती आणि केबिन उबदार होती. बर्नरवर एक सरकतं झाकण असतं, ते जेवढं उघडाल तेवढा इंधनाचा पृष्ठभाग हवेला मिळतो आणि तेवढी ज्योत मोठी होते. केबिनमध्ये ते झाकण जेमतेम बोटभर उघडं होतं. ही गोष्ट दुकानात कुणी सांगितली नाही.

घरी पाहुण्यांच्या खोलीत बोटभर ज्योतीने काहीच ऊब येईना. झाकण पूर्ण उघडलं की ऊब यायची, पण लिटर दीड तासात संपायचं. दुकानात फोन केला तर आधी उत्तर मिळालं की बर्नर नवा आहे, थोडा वापरात येऊ द्या. मग म्हणाले, खिडकीची फट बंद करा. मग ४,५०० रुपयांची सिरॅमिक लोकर विकली, ती बर्नरमध्ये भरली की इंधन दुप्पट टिकेल म्हणून. शेवटी भावावरच आरोप झाला की तुम्ही बाहेरचं इंधन वापरता. तेव्हा त्याने मला बोलावलं. "दादा, माझंच काही चुकतंय का, एकदा बघून जा," म्हणाला. त्याचं काहीही चुकत नव्हतं.

हिशेब साधा आहे. एक किलो इथेनॉल जळलं की सुमारे २६.८ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर शुद्ध इथेनॉलचं वजन ७८९ ग्रॅम. म्हणजे लिटरमागे २१ मेगाज्यूल, विजेच्या मापात ५.९ युनिट. एका लिटरात एवढंच असतं. बर्नर जर्मनीचा असो की कोल्हापुरात वेल्डिंग केलेला, तो त्यात भर घालू शकत नाही.

आता माहितीपत्रकातले आकडे घ्या. ३.५ किलोवॅट उष्णता हवी असेल तर ५.९ युनिट १ तास ४० मिनिटांत संपतात. लिटर ८ तास पुरवायचं असेल तर उष्णता ७४० वॅटच्या आसपास मिळते, म्हणजे १,००० वॅटच्या इस्त्रीपेक्षाही कमी. साडेतीन किलोवॅट आठ तास हवं असेल तर पावणेपाच लिटर जाळावं लागतं. झाकण पूर्ण उघडं ठेवून मोजलेली उष्णता आणि झाकण जवळजवळ बंद ठेवून मोजलेला वेळ, असे दोन वेगळ्या वेळचे आकडे त्यांनी एका ओळीत शेजारी बसवले. प्रत्येक आकडा सुटा दाखवला तर खरा निघेल. शेजारी ठेवून विकला की ती फसवणूक आहे, आणि मी याला दुसरा शब्द वापरणार नाही. सिरॅमिक लोकरीचंही तसंच. तिने इंधन हिंदकळत नाही, सांडण्याचा धोका कमी होतो, हा खरा उपयोग. पण इंधन हळू जळलं तर उष्णताही त्याच प्रमाणात कमी मिळणार.

मग मी इंधन तपासलं. वॉरंटी टिकवायची तर त्यांचंच इंधन घ्यायचं अशी अट बिलावर होती. दर ३४० रुपये लिटर. तेल कंपन्या पेट्रोलमध्ये मिसळायला सी-हेवी मळीचं (साखर काढून अगदी शेवटी उरणाऱ्या मळीचं) इथेनॉल साखर कारखान्यांकडून २०२४-२५ च्या हंगामात ५७.९७ रुपये लिटरने घेत होत्या. कर, वाहतूक, पॅकिंग, डिनेचरिंग (पिता येऊ नये म्हणून त्यात दुसरं रसायन मिसळणं) हे सगळं वर चढतं हे मला माहीत आहे, आणि तो दर घरगुती ग्राहकाला मिळत नाही हेही. तरीही ३४० कुठे आणि ५८ कुठे. दुसरीकडून बघा: लिटरमधली सहा युनिट वीज युनिटला १५ रुपये धरून घेतली तरी ९० रुपयांत येते, आणि विजेच्या हीटरला खिडकी उघडी ठेवावी लागत नाही.

कॅनवर "५ लिटर, ९६ टक्के" असं लेबल होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलेला आणि रिकामा कॅन तोलला, घनतेने भागलं, तर आत साडेचार लिटरच्या थोडं वर भरलं. द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर तापमानाची दुरुस्ती धरून ८८ टक्क्यांच्या आसपास आलं. डिनेचरंटमुळे वाचनात थोडा फरक पडतो, पण आठ टक्के पडत नाही. पाणी घातलेलं होतं. ८८ टक्क्यांच्या एका लिटरात ५.२ युनिट असतात, आणि ३.५ किलोवॅटने ते बरोबर दीड तासात संपतात. भावाने दीड तास सांगितला होता, तो त्यांच्याच आकड्याला असा तंतोतंत जुळला.

हायड्रोमीटर एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. मिथेनॉलची घनता ०.७९२, इथेनॉलची ०.७८९. कुणी स्वस्तातलं मिथेनॉल मिसळलं तर काटा हलत नाही. त्यासाठी मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ, लागतो. मिथेनॉल विषारी असतं, शिवाय त्यात लिटरमागे ४.४ युनिटच असतात. म्हणून ज्या कॅनवर उत्पादकाचं नाव-पत्ता नाही, तो घरात घेऊ नका. भावाच्या कॅनवर नव्हता. बिलावर तर इथेनॉल हा शब्दसुद्धा नव्हता, नुसतं "फायर फ्लुइड" लिहिलेलं. स्पिरिटच्या व्यवहारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं, त्यामुळे सरळ विकणाऱ्याला परवान्याचा क्रमांक सांगायला अडचण नसते.

"धूर नाही" हे खरं आहे. पण धूर नाही म्हणजे काहीच बाहेर पडत नाही असं नव्हे. एक लिटर इथेनॉल जळलं की दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे ९३० ग्रॅम पाण्याची वाफ होते. भावाची खोली १२ बाय १४, उंची १० फूट. ती पूर्ण बंद ठेवून त्यात एक लिटर जाळलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्याच्या पुढे जातो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. पाहुणे सकाळी डोकं जड झाल्याचं सांगत, काचांवरून पाणी ओघळे, भिंतीला ओल आली. आणि दुकानदार फोनवर खिडकीची फट बंद करायला सांगत होता! युरोपातलं या उपकरणांचं मानक, ईएन १६६४७, त्यांना शोभेची उपकरणं म्हणतं. खोली तापवण्याचं साधन म्हणून ती विकणं तिथूनच चुकीचं ठरतं.

ज्याने मी खरोखर संतापलो ते वेगळंच. बसवायला आलेल्या मुलाने भावजयीला सांगितलं होतं, "ज्योत बारीक झाली की वरून थोडं ओतायचं." हे कुणीही, कधीही करू नये. इथेनॉलची वाफ १३ ते १७ अंशांलाच पेट घेऊ शकते. उजेडात त्याची बारीक ज्योत दिसत नाही, विझलीय असं वाटतं, आणि ओतताना आग धारेवरून कॅनमध्ये शिरून समोरच्या माणसावर भडकते. बर्नर पूर्ण विझून हाताला थंड लागल्याशिवाय कॅनचं झाकण उघडायचं नाही. भावजय घरात एकटी असताना हे झालं असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि माप कमी भरल्याबद्दल वैधमापन विभागाकडे वेगळी. पॅकबंद मालावर निव्वळ माप, किंमत आणि उत्पादकाचा पत्ता छापणं २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे, त्यामुळे ती तक्रार सोपी जाते. नोटीस गेल्यावर दुकानदार इंधनाचे पैसे परत द्यायला तयार झाला, पण "आमची काही तक्रार नाही" असं लिहून द्या म्हणाला. भावाने सही केली नाही. आता प्रकरण सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे.

ज्यांनी अशी फायरप्लेस आधीच घेतली आहे त्यांच्यासाठी: ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. माहितीपत्रक फेकू नका, आमच्या तक्रारीचा मुख्य पुरावा तोच कागद आहे. ज्यात सरकतं झाकण आणि घड्याळ दोन्ही दिसतील असा एक व्हिडिओ काढा, भरण्याआधी आणि विझल्यावर कॅनचं वजन लिहून ठेवा, आणि निदान एक सीलबंद कॅन तसाच बाजूला राहू द्या, घरापासून लांब, सावलीत.