रस्त्याकडचे वीस गुंठे की आतला एकर?

जुन्नर तालुक्यात जमीन घेताना माझ्यापुढे दोन तुकडे होते. एक गावरस्त्याला लागून वीस गुंठे, मुरमाड, पाण्याची सोय नाही. दुसरा आत, एकरभर म्हणजे चाळीस गुंठे काळी, विहिरीत चार आणे हिस्सा. दोन्हींची एकूण रक्कम जवळपास सारखीच, म्हणजे गुंठ्यामागे रस्त्याकडचा भाव दुप्पट. शेतकऱ्याला हा हिशोब पटकन पटत नाही.

मातीत आतली जमीन उजवी, यात वाद नाही. ती मी आधी वाट्याने केली होती. कांदा छान पोसायचा, आणि कुकडी कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की विहीर उन्हाळ्यातही तग धरायची.

अडायचं ते वाटेवर. वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, निव्वळ वहिवाटीची. गाव नकाशात तिचा मागमूस नाही. दर नांगरटीला बांध चार बोटं आत सरकायचा. कांदा काढायच्या वेळी त्याचा ऊस उभा, ट्रॉली आत येईना; मग गोण्या डोक्यावरून डांबरीपर्यंत, मजुरी वेगळी. माणूस तसा भला. “दादा, यंदाच्या साली तेवढं सांभाळून घ्या,” एवढंच म्हणायचा, पण दर साली म्हणायचा. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली रस्ता मागता येतो, चालू वाट अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5 आहे. पण तारखा, पंचनामा, वर अपील, आणि बांधाला बांध असलेल्या माणसाशी कायमचं वाकडं. मला ते नको होतं.

मी रस्त्याकडचे वीस गुंठे घेतले. वरच्या अंगाच्या विहिरीवरून पाइपलाइन आणली. खर्च बराच आला, पण माल बांधावरूनच टेम्पोत चढतो. कांद्याचा उतारा आतल्यासारखा नाही, हेही खरं.

याहून लहान तुकडा स्वस्तात मिळत असेल तर जरा थांबा. 2023 पासून शेतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा सगळ्यात लहान तुकडा, जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. त्याखालच्या तुकड्याचं खरेदीखत अडतं, म्हणून भाव पडलेला असतो. सातबारा सामाईक असेल आणि बहिणींच्या सह्या बाकी असतील, तरी तेच.

आतल्या जमिनीची वाट गाव नकाशात दिसत असेल, किंवा मधला शेजारी खरेदीखतावर संमतीची सही करणार असेल, तर काळी माती सोडू नये असं मला वाटतं. नुसत्या तोंडी शब्दावर असेल, तर मी तरी रस्त्याकडचीच बघेन, आणि इसार देण्याआधी मोजणी करून घेईन.